नकाराचे अंक : संदेशवाहक यंत्रणांतील प्रत्युत्तर-संकेतांचा इतिहास

संगणकाकडून संगणकाकडे संदेश पोचविणाऱ्या कोणत्याही व्यवस्थेत दोन भाषा वापरात असतात. पहिली संदेशाची. ती माणसांची असते आणि तिच्याशी यंत्रणेला कर्तव्य नसते. दुसरी संदेशाच्या ने-आणीची. पाठविणाऱ्याने आज्ञा करावयाची आणि स्वीकारणाऱ्याने प्रत्युत्तर द्यावयाचे, एवढाच तिचा व्यवहार. ह्या दुसऱ्या भाषेतील होकार समजण्यास सोपा असतो. नकार मात्र तसा नसतो, आणि प्रस्तुत निबंधाचा विषय हा नकारच आहे.

आज एखाद्या संदेशसेवेशी जोडावयाचा प्रोग्रॅम लिहिणारा मनुष्य त्या सेवेशी सहसा थेट बोलत नाही. सेवेचा एपीआय आणि त्याचा प्रोग्रॅम ह्यांच्यामध्ये क्लायंट लायब्ररी नावाचा एक दुभाष्या बसलेला असतो. सेवेकडून आलेल्या नकाराचा अर्थ लावणे आणि तो प्रोग्रॅमला उमजेल अशा संज्ञेत सांगणे, हे ह्या दुभाष्याचे सर्वांत अवघड काम होय. अर्थ चुकीचा लागला, तर घडीभराने सहज गेला असता असा संदेश टाकून दिला जातो. किंवा कधीच जाणार नाही असा संदेश पुनःपुन्हा पाठवून सेवेला हैराण केले जाते. ही अडचण आजकालची आहे असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः ती पन्नास वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्या मुळाशी एक न सुटलेला वाद आहे. नकार देताना 'दोष कोणाचा' हे सांगावे, की 'आता पुढे काय करावे' हे सांगावे? संकेतांचे आकडे ह्या दोन प्रश्नांमध्ये कसे हेलकावत राहिले, ते येथे पाहावयाचे आहे.

आकड्यांच्या पूर्वीचा इतिहास थोडक्यात सांगतो. १९१२ साली लंडन येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय रेडिओतार परिषदेत 'क्यू' ह्या अक्षराने सुरू होणाऱ्या तीन-तीन अक्षरांच्या संकेतांची यादी मान्य झाली. त्यांत 'क्यूआरएस' म्हणजे सावकाश पाठवा, 'क्यूआरटी' म्हणजे पाठविणे थांबवा, 'क्यूआरएक्स' म्हणजे थांबून राहा. पुढे प्रश्नचिन्ह जोडले की तोच संकेत प्रश्न होई. ही सर्व पदे आज्ञार्थी आहेत, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. जहाजावरील तारवाल्याला कोणाचे चुकले ह्याची फिकीर नव्हती. हात चालू ठेवावा की आवरावा, एवढेच त्याला हवे होते. पुढे १९६३ साली आस्की ही अक्षरसंकेतावली प्रसिद्ध झाली, तीत 'चूक' ह्या अर्थाचे 'ईआरआर' असे एक नियंत्रणचिन्ह होते. १९६७ च्या सुधारलेल्या आवृत्तीत त्याच जागी 'नॅक', म्हणजे नकारार्थी पोच, हे चिन्ह आलेले दिसते. चूक ही घटना झाली. नकारार्थी पोच हे कोणाला तरी दिलेले उत्तर झाले. हा बदल मला लहान वाटत नाही.

खरा आरंभ आर्पानेटवरील फाइल-स्थानांतराच्या प्रोटोकॉलपासून, म्हणजे एफटीपीपासून, धरावा लागतो. त्याचा पहिला मसुदा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण ह्यांनी लिहिला. भूषण हे कानपूरच्या आयआयटीच्या पहिल्या तुकडीचे पदवीधर. त्या वेळी ते एमआयटीमध्ये होते. जुलै १९७२ च्या त्यांच्या मसुद्यात सर्व्हरचे प्रत्युत्तर तीन आकडी संख्या आणि तिच्यामागे थोडा मजकूर अशा रूपात येते. संख्या प्रोग्रॅमसाठी, मजकूर माणसासाठी. एकाच उच्चाराला दोन श्रोते आहेत आणि त्यांच्या गरजा वेगळ्या आहेत, ही जाणीव तेव्हाच स्पष्ट होती. आजची पुष्कळ दुरवस्था ह्या जाणिवेचा विसर पडल्यामुळे उद्भवली आहे असे माझे मत आहे. त्याकडे पुढे येऊ.

ह्या पहिल्या पद्धतीत आकड्यांचे वर्ग मात्र दोषाच्या अंगाने पाडलेले होते. १९७३ च्या विनिर्देशात चारपासून सुरू होणारे संकेत 'विनंती बिनचूक होती, पण सर्व्हरला ती पार पाडता आली नाही' ह्या अर्थाचे आहेत. पाचपासून सुरू होणारे 'आज्ञाच चुकीची किंवा अवेळी होती' ह्या अर्थाचे. चार म्हणजे माझे चुकले, पाच म्हणजे तुझे चुकले.

जून १९७४ मध्ये ही व्यवस्था मुळापासून बदलण्यात आली. आरएफसी ६४० ह्या क्रमांकाच्या आणि जॉन पोस्टेल ह्यांच्या नावे असलेल्या टिपणात संकेतांची नवी मांडणी आहे. तिचा हेतू उघडपणे सांगितलेला आहे : आज्ञा देणाऱ्या प्रोग्रॅमला केवळ पहिला अंक पाहून निकाल कळावा. एक म्हणजे काम सुरू झाले, दोन म्हणजे पुरे झाले, तीन म्हणजे आणखी काही माहिती द्या, चार म्हणजे तात्पुरता नकार, पाच म्हणजे कायमचा नकार. दुसरा अंक विषय सांगतो : वाक्यरचना, माहिती, जोडणी, ओळख-पडताळणी, फाइलव्यवस्था. तिसरा अंक त्यातील बारकावा दाखवितो. डावीकडून उजवीकडे जावे तसा अर्थ सूक्ष्म होत जातो. ज्याला जितके कळते त्याने तितके वाचावे. अनोळखी संकेत आला तरी त्याचा पहिला अंक ओळखीचा असतो, आणि तेवढ्यावर वागणे ठरविता येते. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्याला ह्यात प्रत्ययांच्या क्रमबद्ध रचनेची आठवण व्हावी. अशी सुटसुटीत रचना नैसर्गिक भाषेत क्वचितच मिळते.

चार आणि पाच ह्यांमधील सीमारेषा कशी ओळखावी, ह्यासाठी एक कसोटी दिलेली होती. आज्ञेचे रूप न बदलता, आणि दोन्ही पक्षांच्या स्थितीत फरक न करता, तीच आज्ञा पुन्हा देण्यात अर्थ असेल तर चार. नसेल तर पाच. त्याचबरोबर अशी कबुलीही होती की, दूरच्या दोन यंत्रांना 'तात्पुरते' ह्या शब्दाचा अर्थ एकच वाटेल ह्याची खात्री देणे कठीण आहे. ह्या कबुलीतच पुढच्या अर्धशतकातील तंट्यांचे बीज आहे.

मराठी वाचकाला हा भेद नवा वाटू नये. 'दार उघडत नाही' आणि 'दार उघडेना' ही दोन वाक्ये घ्या. पहिले वाक्य दाराचे वर्णन म्हणून चालते. ते दार खिळे मारून बंद केलेले असेल, कोणी त्याच्या वाटेला जात नसेल. दुसऱ्या वाक्यात कोणीतरी दाराशी उभे आहे, ढकलीत आहे, आणि अजून ढकलणार आहे. 'उघडेना', 'जाईना', 'ऐकेना' ह्या रूपांत प्रयत्न चालू असल्याची सूचना गर्भित असते. ज्यांनी चार आणि पाच वेगळे केले, त्यांना मराठी येत नव्हते; परंतु जो भेद आपण क्रियापदाच्या रूपाने दाखवितो, तो त्यांनी एका अंकाने दाखविला.

नेटवर्कवरील टपाल आरंभी ह्याच एफटीपीच्या आज्ञांनी जात असे. ऑगस्ट १९८२ मध्ये त्याला स्वतंत्र प्रोटोकॉल मिळाला, तोच एसएमटीपी. प्रत्युत्तरांचे व्याकरण तसेच उचलण्यात आले. ४५० म्हणजे टपालपेटी सध्या मोकळी नाही. ५५० म्हणजे ती उपलब्धच नाही. ४५२ म्हणजे यंत्रावर जागा उरली नाही. ५५२ म्हणजे वाटून दिलेली मर्यादा ओलांडली. ह्यातील शेवटच्या जोडीची हकीकत सांगण्याजोगी आहे. एकाच पत्रावर फार जणांचे पत्ते लिहिले, तर सर्व्हरने काय म्हणावे? १९८२ च्या विनिर्देशात ह्यासाठी ५५२ सांगितला होता. म्हणजे नकार कायमचा. वास्तविक, पहिल्या शंभरांना पत्र गेल्यावर उरलेल्यांसाठी ते पुन्हा पाठविले की काम होत होते. एप्रिल २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आरएफसी २८२१ मध्ये ही चूक मान्य करून योग्य संकेत ४५२ असल्याचे जाहीर करण्यात आले, आणि पाठविणाऱ्याने अशा प्रसंगी जुना ५५२ आला तरी तो तात्पुरता समजावा असा सल्ला देण्यात आला. पहिल्या अंकातील एकाचा फरक दुरुस्त होण्यास जवळजवळ एकोणीस वर्षे लागली. दरम्यान ज्यांनी विनिर्देशाचे अक्षरशः पालन केले, त्यांची यंत्रणा उरलेल्यांची पत्रे परत करीत राहण्यास मोकळी होती.

ऑक्टोबर १९८९ च्या आरएफसी ११२३ ने व्यवहाराचे नियम बांधून दिले. फसलेला प्रयत्न पुन्हा करण्यापूर्वी साधारणतः किमान ३० मिनिटे थांबावे. चार-पाच दिवस प्रयत्न केल्यावाचून आशा सोडू नये. पाठविणाऱ्याने आपले वागणे फक्त आकड्यावरून ठरवावे, मजकुरावरून ठरवू नये. शक्य तेथे पहिलाच अंक पाहावा. ह्या नियमाला दोनच अपवाद होते, २५१ आणि ५५१. ही व्यक्ती येथे राहत नाही, अमुक पत्त्यावर आहे, असे सांगणारे हे संकेत. आणि तो नवा पत्ता मजकुरातच असल्यामुळे मजकूर वाचणे भाग होते. हे अपवाद वाचकांनी स्मरणात ठेवावेत.

टपालव्यवस्थेने आणखी एक युक्ती काढली होती. पत्र पोचले नाही असे कळविणारे पत्रही पोचले नाही तर? दोन यंत्रे एकमेकांना अनंतकाळ क्षमापत्रे पाठवीत बसतील. म्हणून नकाराच्या पत्रावर पाठविणाऱ्याचा पत्ता कोरा ठेवावयाचा असे ठरले. ज्या नकाराला उत्तर देता येत नाही, तो तेथेच संपतो.

येथवर उत्तर येते असे गृहीत धरले. उत्तरच आले नाही तर? फेब्रुवारी १९८८ मध्ये क्रेग पार्ट्रिज ह्यांनी आरएफसी १०४७ मध्ये ह्या प्रश्नाची चिकित्सा केली. पत्राचा शेवट कळविणारे पूर्णबिंदू मिळाल्यावर काही स्वीकारणारी यंत्रे पत्र वाटण्याच्या कामाला लागत आणि मग सावकाश होकार देत. तोवर पाठविणाऱ्याचा धीर सुटे. तो जोडणी तोडी आणि पत्र पुन्हा पाठवी. परिणामी एकच पत्र चार-चारदा हाती पडे. उपाय सोपा होता : आधी पोच द्या, वाटप मागाहून करा. तथापि मूळ अडचण उपायाने नाहीशी होत नाही. मौन हा होकारही नव्हे आणि नकारही नव्हे. काम झाले असेल किंवा नसेलही. म्हणून उत्तर न आल्याची नोंद कोणत्याही नकाराच्या वर्गात घालणे तर्कदृष्ट्या चूक आहे. आज टेलिग्रामच्या मूळ एपीआयमध्ये संदेश पाठविताना एक यादृच्छिक क्रमांक सोबत द्यावा लागतो, तो ह्याचसाठी. तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला की सेवेला कळते की हा नवा संदेश नव्हे, जुन्याचीच पुनरुक्ती आहे.

पुनरुक्तीचे संकट एका पत्रापुरते राहत नाही. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅबोरेटरी आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे बर्कली आवार ह्यांमधील जोडणीचा वेग सेकंदाला ३२,००० बिटांवरून ४० बिटांवर घसरला. अंतर अवघे ४०० यार्डांचे. प्रत्येक यंत्र आपली पुडकी गेली नाहीत असे समजून ती पुन्हा पाठवीत होते, आणि त्या पुनःप्रेषणानेच वाट अधिक तुंबत होती. व्हॅन जेकबसन ह्यांच्या १९८८ च्या निबंधात ह्याचे विवेचन आहे. दर अपयशानंतर प्रतीक्षेचा काळ दुप्पट करीत जाण्याची आणि त्यात थोडी अनिश्चितता मिसळण्याची रीत त्यापूर्वी इथरनेटमध्ये रूढ झाली होती. मेटकाफ आणि बॉग्ज ह्यांचा निबंध १९७६ चा आहे. क्लायंट लायब्रऱ्यांतील प्रतीक्षेचे गणित ह्याच कुळातले.

आता वेबकडे वळू. एचटीटीपीचे संकेत एफटीपीवरून उतरले, असे विधान पाठ्यपुस्तकांत वारंवार केलेले आढळते. रूपापुरते ते ठीक आहे. तीन अंक आहेत, पहिला अंक वर्ग सांगतो, मागे मजकूर आहे. अर्थ मात्र पालटला आहे. टिम बर्नर्स-ली ह्यांच्या १९९२ च्या मसुद्यात चारचे संकेत ग्राहकाची चूक दिसते तेव्हासाठी आहेत आणि पाचचे सर्व्हरला स्वतःची चूक कळते तेव्हासाठी. म्हणजे १९७४ मध्ये बाजूस सारलेला 'दोष कोणाचा' हा प्रश्न पुन्हा आला. शिवाय आला तो उलटा होऊन. १९७३ मध्ये सर्व्हरच्या असमर्थतेचा अंक चार होता, तो आता पाच झाला. आज्ञा देणाऱ्याच्या चुकीचा पाच होता, तो चार झाला. शब्द तोच राहून अर्थ विरुद्ध टोकाला जाण्याची उदाहरणे भाषेच्या इतिहासात पुष्कळ आहेत. मात्र ती घडण्यास शतके लागतात. येथे वीस वर्षे पुरली. त्या मसुद्यात असेही म्हटले होते की, हे दोन प्रकार वेगळे ओळखणे सर्वसाधारणपणे अशक्य असल्यामुळे हा भेद केवळ माहितीपुरता मानावा. पुढच्या पिढ्यांनी भेद उचलला आणि ही सूचना सोडून दिली.

परिणाम असा झाला की एचटीटीपीचा चार पाहून पुढचे वागणे ठरविता येत नाही. ४०४ आला तर विनंती पुन्हा करण्यात सहसा अर्थ नसतो. ४०८ आला, म्हणजे विनंती वेळेत पुरी झाली नाही, तर तीच विनंती पुन्हा करण्यास मुभा आहे. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५८५ ने ४२९ हा संकेत आणला : फार विनंत्या केल्यात, आवरा. दोष ग्राहकाचा असल्यामुळे तो चारच्या वर्गात बसला. स्वभावाने मात्र तो पक्का तात्पुरता आहे. म्हणून त्याच्यासोबत 'रिट्राय-आफ्टर' हे शीर्षक पाठविता येते आणि किती सेकंद थांबावे ते त्यात असते. शतकापूर्वीचा 'क्यूआरएस' येथे नव्या वेषात भेटतो, आणि तारवाल्याप्रमाणे तोही पुढचेच सांगतो.

४२९ रूढ होण्याआधी ट्विटरने ह्याच कामासाठी ४२० हा आकडा वापरला होता, आणि त्याचा मजकूर 'शांत व्हा' अशा अर्थाचा होता. टेलिग्रामच्या मूळ एपीआयने तोच आकडा घेतला. भारतीय वाचकाला ह्याचे हसू येणे स्वाभाविक आहे. १८६० च्या दंडसंहितेतील फसवणुकीच्या कलमाने ह्या संख्येला आपल्या बोलीत जे स्थान मिळवून दिले, ते १ जुलै २०२४ रोजी ती संहिता जाऊन फसवणुकीचे कलम ३१८ झाले तरी ढळलेले नाही. अतिउत्साहाने भराभर संदेश पाठविणाऱ्या भाबड्या प्रोग्रॅमला सेवेने 'चारशेवीस' म्हणावे, हा योगायोग मोठा मौजेचा आहे.

तात्पुरत्या नकाराचा उपयोग कसोटी म्हणूनही झाला. २००३ मध्ये इव्हन हॅरिस ह्यांनी सुचविलेल्या ग्रेलिस्टिंग पद्धतीत अनोळखी पाठविणाऱ्याचे पत्र पहिल्या खेपेला मुद्दाम चारचा संकेत देऊन परतविले जाते. नियम पाळणारी यंत्रणा थोड्या वेळाने पुन्हा येते; फुकट जाहिराती उधळणारी बहुधा येत नाही. नकाराचे शब्दशः कारण येथे खरे नसते, पण 'पुन्हा या' ही सूचना खरी असते. अंक काय वर्णन करतो ह्यापेक्षा तो काय करावयास सांगतो ह्याचे महत्त्व अधिक, हे ह्याहून चांगले कशाने दाखविता येईल?

ह्या बाबतीत सर्वांत विचारपूर्वक रचना मला एक्सएमपीपीची वाटते. जॅबर ह्या नावाने १९९९ मध्ये पुढे आलेली ही तत्काळ संदेशांची व्यवस्था आरंभी एचटीटीपीच्या धर्तीचे आकडे वापरीत असे. ऑक्टोबर २००४ मध्ये आरएफसी ३९२० ने ते बाजूला केले आणि प्रत्येक नकाराला पाचांपैकी एक प्रकार देणे आवश्यक केले : 'ऑथ', म्हणजे ओळख पटवून पुन्हा या, 'कॅन्सल', म्हणजे प्रयत्न सोडा, 'कंटिन्यू', म्हणजे ही केवळ सूचना, पुढे चला, 'मॉडिफाय', म्हणजे मजकूर बदलून पुन्हा या, 'वेट', म्हणजे थांबून पुन्हा या. नकाराचे कारण वेगळ्या नावाने येते. माणसासाठीचा मजकूर तिसऱ्या जागी येतो, आणि तो कोणत्या भाषेत आहे हे नोंदविण्याची सोय असल्यामुळे तो मराठीतही देता येतो. कृती, कारण आणि निवेदन ह्यांची अशी फारकत झाली की लायब्ररी लिहिणाऱ्याला तर्क लढवावे लागत नाहीत. १९७४ च्या चार-पाचमध्ये 'बदलून पुन्हा या' ह्याला नीट जागा नव्हती. ती येथे मिळाली.

व्यवहारात मात्र ह्या रचनेचे अनुकरण फारसे झाले नाही. स्लॅकच्या वेब एपीआयमध्ये पुष्कळ नकार एचटीटीपीच्या २०० ह्या होकारी संकेतासोबतच येतात, आणि आतल्या मजकुरात 'ओके' खोटे असल्याचे सांगून कारणाचे नाव दिलेले असते. पाकिटावर 'ठीक' आणि आत नकार! केवळ बाहेरचा आकडा तपासणारी लायब्ररी येथे फसते. टेलिग्रामचा बॉट एपीआय जून २०१५ मध्ये खुला झाला. त्याच्या प्रत्युत्तरात 'ओके', अंकी 'एरर-कोड' आणि मनुष्याने वाचावयाचे 'डिस्क्रिप्शन' असते. पण अंकाचा आशय पुढे बदलू शकेल, असे त्याच्या अधिकृत वर्णनातच नमूद आहे. अंकावर विसंबू नका म्हटल्यावर लायब्ररीकर्त्यांनी काय करावे? ते मजकूर वाचू लागले. 'चॅट नॉट फाउंड' हे इंग्रजी शब्द शोधून त्यांवर निर्णय घेणारा कोड अनेक प्रकल्पांत लिहिला गेला. १९८९ चा नियम पुरता उलटला. मजकुरातील एखादा शब्द कोणी शैलीसाठी बदलला, की दूरवरचा प्रोग्रॅम नकाराचा अर्थ विसरतो.

एका बाबतीत मात्र ह्याच एपीआयने जुन्यांपेक्षा पुढचे पाऊल टाकले. टेलिग्रामवरील साधा गट मोठ्या गटात रूपांतरित झाला की त्याचा ओळखक्रमांक बदलतो, आणि जुन्या क्रमांकावर पाठविलेला संदेश नाकारला जातो. अशा नकारासोबत नवा क्रमांक स्वतंत्र घटकात येतो. किती सेकंद थांबावयाचे तेही तसेच स्वतंत्र घटकात येते. ५५१ साठी मजकूर उसवावा लागत होता, त्याची गरज येथे उरली नाही.

पायथन भाषेसाठीच्या 'पायथन-टेलिग्राम-बॉट' ह्या लायब्ररीने ह्या सर्व नकारांना एक्सेप्शनांची नावे दिली आहेत : 'रिट्रायआफ्टर', 'चॅटमायग्रेटेड', 'टाइम्डआउट', 'फॉरबिडन', 'बॅडरिक्वेस्ट' इत्यादी. पहिली दोन नावे कृती सुचवितात, शेवटची दोन दोष सांगतात, मधले मौनाची नोंद करते. जुना वाद असा एकाच यादीत नांदत आहे. एक्सेप्शने पकडताना विशेष प्रकार आधी लिहावा लागतो आणि सामान्य प्रकार नंतर. उलट क्रम लावल्यास विशेषाला कधी वावच मिळत नाही. आपल्या व्याकरणपरंपरेतील उत्सर्ग आणि अपवाद ह्यांचे नाते ज्यांना ठाऊक आहे त्यांना हे समजावून सांगावयास नको; फरक इतकाच की पाणिनीच्या व्यवस्थेत अपवाद स्वतःच्या बळावर उत्सर्गाला बाधतो, येथे प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने क्रम सांभाळावा लागतो. आणि म्हणूनच कुळव्यवस्था महत्त्वाची ठरते. ह्या लायब्ररीत 'बॅडरिक्वेस्ट' हा 'नेटवर्कएरर' ह्याच्या पोटात घातलेला आहे. नेटवर्कची अडचण आली तर थांबून पुन्हा पाठवावे, असा सरळ नियम कोणी लिहिला आणि अपवाद आधी लिहिण्याचे राहून गेले, तर अस्तित्वात नसलेल्या गटाला उद्देशून पाठविलेला तोच संदेश, तितक्याच धिम्या आणि सभ्य गतीने, प्रोग्रॅम बंद पडेपर्यंत जात राहील. आणि दर वेळी सेवेकडून येणारे उत्तर असेल ४००.